म्हाताऱ्याची मुकी फिल्म

३ मार्च, रविवार

लिही. तारीख तू घाल, बाकीचं मी सांगते. आणि मी सांगेन तसंच उतरव, मध्ये आपली अक्कल मिसळू नकोस. मला वाचता येत नसलं तरी मी किती बोलले आणि तुझं पेन किती चाललं, एवढं मला कळतं.

सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही सगळं पोटात ठेवता आणि मग गाडीत बसून सगळ्यांवर फणफणता. त्यापेक्षा मला सांगत जा, मी लिहून ठेवते. कोणाला दाखवणार नाही." बरं म्हटलं. पोटातलं वहीत गेलं तर निदान पित्त तरी कमी होईल.

तर दौरा सुरू होऊन आठवडा झाला. गाडी सून चालवते. मुलगा परगावी नोकरीला, त्याने आईबापांसोबत बायको पाठवून दिली आणि स्वतः सुटला. पेटीवर भाचा आहे. तो पेटी बरी वाजवतो आणि तोंड त्याहून बरं वाजवतो. डफावर आमचे हे, आणि गायला मी. लग्न झाल्यापासून असंच चाललंय. यंदा मात्र माझ्यामागे सूर धरायला एक नवी पोरगी घेतली आहे. गाताना चिमणीच्या पिल्लासारखा आ वासते, पार पडजीभ दिसते. मी तिचं नाव चिमणी ठेवलं. तिला वाटतं लाडाने ठेवलं.

आता मूळ दुखणं सांगते. म्हाताऱ्याने फिल्म काढायला घेतली आहे.

सुनेने तिचा जुना फोन त्याला दिला. झालं, माकडाच्या हाती कोलीत. गाडीच्या काचेची फिल्म, चहाच्या कपाची फिल्म, भाच्याच्या बोटांची फिल्म. मी पहिल्याच दिवशी बजावलं, "खबरदार माझं तोंड काढाल तर." समोरचे दात गेल्यापासून मी कोणाला तोंड दाखवत नाही. गाते तेसुद्धा ओठ मिटत मिटत. कवळी लावली की स्वरातून शिट्टी निघते, म्हणून ती डबीत झोपलेली असते. तर हे काय म्हणाले? "बरं." बास, नुसतं "बरं"! माणूस निदान एकदा तरी आग्रह करतो की नाही?

आणि मग तोंड काढलं कोणाचं? चिमणीचं. मी डोळ्यांनी बघितलं. फोन तिच्या हनुवटीपाशी नेलेला, आणि म्हातारा दातांचा डॉक्टर असल्यासारखा आत बघतोय.

५ मार्च, मंगळवार

सकाळी खोलीत मी गळा मोकळा करत होते. खिडकीला पडदा नव्हता, समोर गॅरेज, तिथला माणूस टायर ठोकत होता. त्याच्या ठोक्यावर मी जुनं गाणं धरलं होतं. एवढ्यात म्हाताऱ्याने टेबल माझ्याजवळ ओढलं, त्यावर डफ आडवा ठेवला आणि खालच्या खानावळीतून आणलेलं मीठ त्यावर शिंपडलं. वरून फोन धरून उभा.

म्हटलं, "अहो, कातडं खराब होईल." उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. तरी नाही. सुनेने खांद्याला हात लावला तेव्हा वळून म्हणतो, "हो हो."

हे "हो हो" त्याचं हल्लीचं नवीन औषध आहे. काहीही विचारा, हो हो. चहा घेणार? हो हो. चहा घेतलात ना? हो हो. तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? हो हो.

मी गायची थांबले तर मान वर करून खूण करतो, चालू दे. मिठाची फिल्म काढायला माझं गाणं कशाला हवं? पण मी गायले. माझा मूडच तसा होता, त्याच्यासाठी नाही.

इथे सूनबाईचं पेन थांबलं. म्हटलं, काय गं, शाई संपली? म्हणाली, "नाही आई, हात दुखला." एवढ्यात! माझा गळा एवढी वर्षं दुखला नाही.

८ मार्च, शुक्रवार

आज जरा नीट लिही, कारण आज मी बघितलंय.

आधी आमच्या गाण्याची रीत लिहून ठेव, नाहीतर उद्या कोणी वाचलं तर वाटेल म्हातारी उगाच कांगावा करते. आमचं गाणं म्हणजे गोष्ट असते. कडव्याच्या शेवटी मी स्वर लांबवते. किती लांबवायचा ते ठरलेलं नसतं. समोरची माणसं कशी बसली आहेत, श्वास किती आहे, मन कुठे आहे, त्यावर ते असतं. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, आणि मग मी शेवटचा शब्द टाकते. शब्द पडला की त्याच क्षणाला डफावर थाप. आधी पडली तर गाण्याचा गळा दाबल्यासारखं होतं, नंतर पडली तर शब्द लंगडतो. आमच्या गाण्यात मोजून वाजवता येत नाही. ऐकून वाजवायचं. म्हातारा माझ्या उजव्या हाताला बसतो आणि मान माझ्याकडे झुकवून ऐकतो. माझा शब्द आणि त्याची थाप यांची गाठ आजवर चुकलेली नाही. भांडण असलं तरी नाही. भांडण असलं तर उलट जास्त चोख.

आता आजचं. दुपारी गाडीत माझा डोळा लागला. जाग आली तर मागच्या बाकावर चिमणी आणि म्हातारा समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. चिमणी तोंड उघडतेय, मिटतेय, पण आवाज नाही! आणि म्हातारा तिच्या ओठांवर डोळे लावून स्वतःच्या मांडीवर थाप देतोय. माझंच गाणं होतं. मला ओठांवरून कळलं.

माझे डोळे उघडे दिसले तशी चिमणी म्हणते, "आजी, पाणी देऊ?" आणि म्हातारा फोन पुसायला लागला.

म्हटलं, "आवाज गेला का गं तुझा?"

"नाही आजी, तुमची झोप मोडू नये म्हणून."

वा. माझ्या झोपेची केवढी काळजी! कानामागून आली आणि तिखट झाली. भाच्याला विचारलं, तुला काही दिसतं का रे? तर तो म्हणाला, "मामी, मामाचं वय बघा. आता त्यांना नुसतं दिसतंय तेवढं पुरे आहे." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत बसला.

९ मार्च, शनिवार

आजकाल माझ्याशी बोलताना म्हातारा माझ्या तोंडाकडे बघतो. डोळ्यांत बघत नाही, तोंडाकडे. गेलेले दात मोजतो की चिमणीच्या बत्तीस दातांशी ताडून बघतो? मी तोंडावर हात धरते. तर वैतागतो, "हात काढ ना."

म्हटलं, "हात काढला तर जी काय माया उरलीय तीही जाईल."

तर म्हणतो, "हो हो."

सूनबाई, आता तुझा हात दुखला नाही तर नाक वाहायला लागलं. सर्दी झाली का? औषध घे. गाडी चालवायची आहे.

१३ मार्च, बुधवार

मोठ्या गावात आलो. शनिवारी इथल्या सभागृहात कार्यक्रम आहे. सभागृह चांगलं, खुर्च्या मऊ, एवढ्या मऊ की माणसं गाण्याऐवजी झोप घ्यायला येत असतील. तिथे संध्याकाळी फिल्म दाखवणारा एक चष्मेवाला आहे. म्हाताऱ्याने त्याला फोनमधलं दाखवलं. चष्मेवाल्याने दोनदा बघितलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "बाबा, ही शनिवारी तुमच्या कार्यक्रमाआधी पडद्यावर लावू या. फार धाडसी आहे. प्रायोगिक."

मी भाच्याला विचारलं, प्रायोगिक म्हणजे काय?

"म्हणजे मामी, ज्यात काही कळलं नाही तरी मान हलवायची ते."

मी चष्मेवाल्याला म्हटलं, "यात आवाज कुठे आहे? मशीन बिघडलंय का?"

"आजी, आवाज मुद्दाम काढून टाकलाय त्यांनी."

जन्मभर डफ बडवणाऱ्याने फिल्म काढली, ती मुकी! खानावळवाल्याने उपास धरावा तसं झालं. म्हाताऱ्याला विचारलं, "आवाज का काढलात?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "नसला तर काय उरतं ते बघायचं होतं."

"काय उरलं मग?"

"बरंच."

चिमणी शेजारी उभी होती. तिने मान हलवली, सगळं समजल्यासारखी. मला काही समजलं नाही. म्हणजे माझा नवरा काय बोलतो ते आता मला चिमणीला विचारावं लागणार.

१७ मार्च, रविवार

काल सांगायच्या अवस्थेत नव्हते. आज सकाळी चहाही घेतला नाही. लिही.

आधी फिल्म. सभागृह बरंच भरलं होतं. दिवे गेले, पडद्यावर गाडीची काच आली. काच थरथरतेय. बराच वेळ थरथरतेय. मग भाच्याची बोटं पेटीवर, घोड्यासारखी. मग स्टीलच्या पेल्यात पाणी, त्यावर गोल गोल तरंग उठताहेत. मग चिमणीचा गळा. गळ्यातली शीर. मग चिमणीचे ओठ, एवढे मोठे, खोलीएवढे! आ करतात, मिटतात, गोल होतात. मग मीठ. मीठ, मीठ, मीठ. डफावर दाणे नाचतात, एकत्र येतात, पळतात, वाटा करतात. मग पुन्हा ओठ. मग अंधार. संपलं.

मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. मी कुठेच नाही. माझा हात नाही, पाठ नाही, माझी चप्पलसुद्धा नाही. भाच्याची चप्पल आहे! आणि लोक टाळ्या वाजवताहेत. चष्मेवाला उभा राहून वाजवतोय. एक बाई रडत होती. तिला कशाचं रडू आलं, मिठाचं?

मग लगेच आमचा कार्यक्रम. मी बसले, म्हातारा उजव्या हाताला बसला. माझ्या डोक्यात ते खोलीएवढे ओठ. म्हटलं, बघायचंच आहे ना तुला, तर मग बघ पाठ. आणि मी डावीकडे वळून बसले. पहिल्यांदाच. म्हाताऱ्याकडे पाठ, लोकांकडे अर्धं तोंड. आणि गाणं धरलं.

पहिल्या कडव्याला मी स्वर लांबवला, आणि मध्येच थाप. शब्द अजून माझ्या तोंडात आणि थाप पडली! मला वाटलं, मुद्दाम. मला झोंबावं म्हणून. दुसऱ्या कडव्याला मी शब्द टाकला आणि थाप आलीच नाही. शब्द एकटाच पडला, विहिरीत दगड पडावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये तसा. मग उशिरा, घाबऱ्याघुबऱ्या, एक थाप. खुर्च्या कुरकुरल्या. कोणीतरी खोकलं. भाचा पेटीवर सावरायला बघत होता, त्याचा चेहरा पांढरा.

मी तिरक्या डोळ्यांनी बघितलं. म्हातारा माझ्याकडे बघतच नव्हता. मागे चिमणीकडे बघत होता. आणि चिमणी गायची थांबून, नुसते ओठ हलवत होती. माझे शब्द. मुक्याने. त्याच्यासाठी. आणि ती ओठ मिटते तशी याची थाप पडते. थोडी मागून, पण पडते.

शेवटपर्यंत तसंच चाललं. भरल्या सभेत, माझ्या पाठीमागे, माझ्या गाण्यावर, त्या दोघांचं. आतापर्यंत गाडीत लपूनछपून चाललं होतं, काल लोकांसमोर.

मी ठरवलंय. आता एकतर चिमणी घरी जाईल, नाहीतर मी. पुढच्या रविवारी दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम आहे. त्यात त्याच्या शेजारी कोण बसणार ते त्याने सांगायचं. उद्या मी त्याला तोंडावर विचारणार आहे.

सून रडते आहे. लिही, सून रडते आहे. तू कशाला रडतेस? नवरा माझा आहे.

१८ मार्च, सोमवार

विचारायला गेले होते.

म्हातारा खिडकीत बसला होता, माझ्याकडे पाठ. डफाचं कातडं उन्हाला धरून पुसत होता. मी दारातूनच सुरुवात केली. म्हटलं, "तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" तो पुसतोय. म्हटलं, "शनिवारचं काय होतं ते?" पुसतोय. माझा पारा चढला. मी म्हटलं, "म्हाताऱ्या, निर्लज्जा, बहिऱ्या!"

पुसतोय.

मी आत आले. पार त्याच्या पाठीशी. चप्पल आपटली. त्याच्या मानेवरचा केससुद्धा हलला नाही. मानेवर साबण राहिला होता कानामागे, तो दिसला.

मग मी हळू आवाजात म्हटलं... ते लिहू नकोस. मी त्याला जन्मात जे म्हटलं नाही ते म्हटलं. एकदा म्हटलं, मग नीट पुन्हा म्हटलं. लाज वाटली नाही, कारण तोवर मला कळलं होतं.

तो आपला पुसत राहिला. मग खिडकीच्या काचेत त्याला माझं तोंड दिसलं असावं. दचकून वळला.

"काय म्हणालीस?"

म्हटलं, "डफ नीट पुसा."

"हो हो," म्हणाला.

२० मार्च, बुधवार

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. आणि मग खूप बोलले. समोर बसून, तोंडावरचा हात काढून, एकेक शब्द चावून, दात नसताना जेवढा चावता येतो तेवढा.

उजवा कान आधीच गेला होता. माझ्याकडचा डावा या वर्षात चालला; शनिवारपर्यंत माझं तोंड त्याच्याकडे असायचं म्हणून उरल्यासुरल्या आवाजावर आणि अंदाजावर भागवत होता, मी पाठ फिरवली आणि तोही आधार गेला. आता कोणी अगदी जवळ मोठ्याने बोललं तर काहीतरी पोचतं, पण सूर पोचत नाही. कानाचं मशीन लावून बघितलं, तर म्हणतो सगळं रिकामे डबे बडवल्यासारखं वाजतं, त्यात गाणं राहत नाही. डॉक्टरांकडे कोणी नेलं? हिने. ही जी आत्ता लिहिते आहे तिने. लिही, लिही, स्वतःच्या हाताने लिही. शाई, हात, सर्दी, सगळं लिही.

"बाबांनी शपथ घातली होती, आई."

सासऱ्याची शपथ मोठी आणि सासू काय, वळचणीचं पाणी?

आता मला म्हणशील, आई, तुम्हाला इतके महिने कळलं कसं नाही. अगं, लग्न झाल्यापासून कोणत्या नवऱ्याने बायकोचं ऐकलंय? बहिरा नवरा आणि धडधाकट नवरा यांत मला फरक कसा दिसणार?

पण खरं सांगू, माझं दुखणं गेलं नाही. फक्त जागा बदलली. मी विचारलं, "चिमणीला कधी सांगितलंत?"

"दौऱ्याच्या पहिल्या दिवशी."

"तिला पहिल्या दिवशी. आणि मला?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "तिच्यासमोर चुकलो तर चालतं गं. पोर आहे, हसते, पुन्हा करू म्हणते. तुझ्यासमोर चुकायची मला लाज वाटते."

मी म्हटलं, "लाज वाटण्याइतकी परकी झाले का?"

"परक्यासमोर कोण लाजतं?"

याला माझ्याकडे उत्तर आहे. सुचलं की सांगेन, लिहून ठेव.

मग त्याने फोन काढला. म्हणाला, बस, फिल्म पुन्हा बघ. बघितली, नखाएवढ्या पडद्यावर. ओठ आले तेव्हा म्हणाला, "यावर शिकलो. ही तोंड मोठं उघडते, हिचा शब्द दिसतो. तुझा दिसत नाही. तू ओठ मिटून गातेस. मी तुला फक्त ऐकूनच ओळखत होतो." मग मीठ आलं. मी म्हटलं, हे पुढे ढकला. तर माझा हात धरला.

"ही तू आहेस."

"मी?"

"गॅरेजसमोरच्या खोलीत. सकाळी गात होतीस. तुझ्या आवाजाने दाणे नाचताहेत. बघ, इथे स्वर लांबवलास. आता बघ, शब्द टाकलास."

आणि खरंच, सगळे दाणे एकदम उसळले आणि निजले.

"मी हे रोज बघतो," म्हणाला.

सून म्हणते, आई, किती गोड आहे हे. गोड! चिमणीला खोलीएवढं तोंड, आणि मला मीठ.

पण मीठ मी मग आणखी दोनदा बघितलं. ते लिहिलं नाहीस तरी चालेल.

२२ मार्च, शुक्रवार

म्हातारा म्हणाला, "रविवारी दुसरा डफवाला घ्या. मी समोर खुर्चीत बसतो."

मी म्हटलं, "दुसरा डफवाला आणायचा तर मग घरीही त्यालाच नेऊ. हातोहात काम होईल."

हसला. पण डफ काही हातातून खाली ठेवला नाही. डफ काढून घेतला तर हा माणूस दोन महिन्यांत नुसता कोट टांगायची खुंटी होईल, हे मला दिसतंय. रविवारी तो डफ घेऊन बसला तर पुढेही बसेल. रविवारी उठला तर उठला कायमचा.

म्हणून काल मी तोंड उघडून गायले. गाडी रस्त्याकडेला लावली, भाच्याला खाली उतरवलं, आणि म्हाताऱ्यासमोर चिमणीसारखा आ केला. म्हाताऱ्याने मन लावून बघितलं. थाप देतो देतो, आणि चुकतो. शेवटी हसायलाच लागला. म्हणाला, "अगं, तुझे सगळे शब्द सारखेच दिसतात. नुसती गुहा!"

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. माझे तर दातही नाहीत. कवळी लावली, तर शब्द दिसला पण सूर शिट्टी मारत पळाला. भाचा बाहेरून ओरडला, "मामी, आगगाडी आली का?"

तेव्हा एकच वाट राहिली. मी गायचं, चिमणीने माझे शब्द ओठांवर दाखवायचे, आणि म्हाताऱ्याने तिच्याकडे बघून वाजवायचं. म्हणजे माझी जागा तिला द्यायची. उजव्या हाताला तोंड करून ती बसणार, मी बाजूला.

मीच सांगितलं. कोणी सांगायच्या आधी. कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

पण जमत नाही! पोरगी माझा शब्द पडेपर्यंत थांबते, मग ओठ हलवते, मग तो वाजवतो. तोवर शब्द थंड होतो. मी तिला म्हटलं, आधी कळायला हवं गं. ती म्हणते, "आजी, कधी टाकणार ते आधी सांगा ना."

"मला तरी कुठे आधी माहीत असतं?"

"मग आजोबांना कसं कळायचं?"

काय सांगू? श्वासावरून कळत असेल. शब्द टाकण्याआधी मी आत काहीतरी सोडते, ते त्याला ऐकू यायचं. जे मी कोणाला शिकवलं नाही, ते मला स्वतःलाच ठाऊक नाही. दोन दिवस घासतोय. पालथ्या घड्यावर पाणी. चिमणी रडकुंडीला आली. तिचा घसा बसला तर बरं होईल असं माझ्या मनात आलं, आणि मग तिला गरम पाणी दिलं. दोन्ही लिही.

२५ मार्च, सोमवार

काल शेवटचा कार्यक्रम झाला. छोटं गाव, शाळेची खोली, बाकांवर माणसं, भिंतीवर पोरांनी काढलेली चित्रं. चष्मेवाला इतक्या लांब आला होता, फिल्म घेऊन नव्हे, नुसता ऐकायला.

बसलो. चिमणी मधे, म्हाताऱ्याकडे तोंड करून. मी तिच्या डावीकडे, अगदी चिकटून, कारण बाक अरुंद होता. आजवर मी आणि तो यांच्यामध्ये कधी माणूस बसला नव्हता. पोरही बसवलं नव्हतं. मी पुढे वाकून बघितलं तर त्याचे डोळे चिमणीच्या ओठांवर, आणि कपाळाला घाम. भ्यालेल्या पोरासारखा डफ छातीशी धरलेला.

पहिलं कडवं. मी स्वर लांबवला. चिमणी माझ्याकडे कानाने बघत होती, पण मला कळत होतं, तिला कळणार नाही. पुन्हा उशीर होणार. लोक पुन्हा खोकणार. आणि हा उठून जाणार.

माझं मलाच कळलं नाही, मी तिचा हात मनगटापाशी पकडला. मांडीवर ठेवला होता तिने, थंडगार. स्वर ताणत नेला, नेला, आणि आत ते जे काही सुटतं ते सुटायच्या वेळी माझी मूठ आपोआप आवळली. चिमणीने तिथेच ओठ मिटले.

थाप.

शब्द, ओठ, थाप, तिन्ही एकावर एक. बाकावर बसलेली माणसं अशी मागे झाली जशी कोणी छातीवर हात ठेवून ढकलावीत.

म्हाताऱ्याने मान वर केली. चिमणीकडे नाही बघितलं, तिच्या खांद्यावरून माझ्याकडे. एवढा वेळ नव्हता, पुढचं कडवं आलं होतं. पण बघितलं.

मग रात्र होईपर्यंत गायले. प्रत्येक कडव्याला मूठ आवळली, प्रत्येक कडव्याला थाप. एकही चुकली नाही. चष्मेवाला नंतर म्हणाला, आजी, तुम्ही दोघी हातात हात घालून गाता हे किती सुंदर दिसतं. म्हटलं, हो हो.

आज सकाळी म्हाताऱ्याने फोन काढला. चिमणीला म्हणाला, हात टेबलावर ठेव, फिल्ममध्ये शेवटी घालायचाय. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठलेत, निळे, चार इकडे आणि एक तिकडे. सून म्हणाली, "आई, एवढ्या जोरात कशाला दाबलंत? जरा हलकं दाबलं असतं तरी तिला कळलं असतं."

कळलं असतं, मला माहीत आहे.

पुढच्या महिन्यात तीन कार्यक्रम ठरलेत. तिला सांगून ठेव, लांब बाह्या घालत जा म्हणावं.